सेनगाव रोडच्या बाजूने आलेली शिट्टी

तीर्थरूप बापू,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. पण तुमच्या पाया पडायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून तेवढं सोडून देतो. रागावू नका.

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लागलंच कधी? परभणीच्या स्टँडवर कुठल्याही कंडक्टरला सांगितलं की निरोप संध्याकाळपर्यंत तुमच्या कानावर. आता ती सोय संपली. आणि जे सांगायचं आहे ते कुणाच्या तोंडी पाठवण्यासारखंही नाही.

परवा तुमचा तेरावा झाला. पंगती उठत आल्या होत्या, तेवढ्यात सेनगावचे रज्जाकभाई आले. काळी-पिवळी जीप चालवायचे तेच. आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून गाडी मुलाच्या हातात दिली आहे. ते माझ्याजवळ बसले, पाणी प्यायले आणि एक गोष्ट सांगून गेले. त्यांना वाटलं, मला माहीतच असेल. मला माहीत नव्हती, बापू! तेव्हापासून मला आईच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

गोष्ट त्या शिट्टीची. दुसरी कुठली असणार?

तुम्ही गेल्यावर डेपोत शोकसभा झाली. जो उठला तो शिट्टीचीच गोष्ट सांगत होता. इतकी वर्षं कंडक्टरची खाकी घालून उभे राहिलात, कुणाची राहिलेली पिशवी असो की रडणारं लेकरू, ज्याचं त्याला पोचवलंत, ते कुणाला आठवलं नाही. आठवलं काय, तर पोराला गोल मिळावा म्हणून बापाने शिट्टी वाजवली आणि कॉलेजला चॅम्पियन केलं. लोक रडता रडता हसले. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, प्रेमच होतं. मीही हसलो. तुमच्या फोटोपुढे उभा राहून हसलो.

आणि आता आपला युनूस, आमचा गोलकीपर, तुमच्या नावाने फुटबॉलच्या स्पर्धा भरवतो आहे. चषकावर काय बसवणार, विचारा. पितळेची शिट्टी! उद्घाटनाला मी यायचं आणि माइकवरून तोच किस्सा रंगवून सांगायचा, असं ठरवून मोकळा झालाय. म्हणून आज कागद घेतला.

तुम्हाला ते वर्ष आठवतं का हो? हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती, परभणीच्या शेपटाला बांधलेला तालुका होता. आमच्या कॉलेजचा फुटबॉल म्हणजे थट्टेचाच विषय. पी.टी.चे सर मुळात कबड्डीवाले. फुटबॉल त्यांना आमच्याइतकाच कळायचा. गोलपोस्टला जाळी नव्हती. युनूसचे अब्बा गाद्या भरायचे, त्यांनी सुतळीची जाळी विणून दिली आणि ती पहिल्याच जोरदार किकला फाटली. शहरातली मोहल्ल्यातली पोरं चालायला लागल्यापासून बॉल खेळणारी. आम्ही तांड्यावरचे तिघं-चौघं नुसते पळणारे. सर म्हणायचे, "युनूस, तू बॉल दे. रोहिदास, तू पळ. बाकी देव हाय."

पहिली मॅच परभणीला सपाटून हरलो. परतीची गाडी तुमचीच निघाली. आम्ही मागच्या सीटवर माना खाली घालून बसलो होतो आणि तुम्ही तिकिटाचा चिमटा वाजवत आलात.

"तिकीट."

युनूस म्हणाला, "बापू, आज तरी सोडा ना. हारून येऊन राहिलो."

"हारला म्हणून तिकीट माफ न्हाई. आन उद्या जिंकला तरी माफ न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि सगळ्यांची तिकिटं फाडली, सरांचंसुद्धा. मग पुढच्या थांब्यावर खाली उतरून कागदात गरम भजी घेऊन आलात आणि युनूसच्या मांडीवर ठेवलीत. त्या गाडीतच आम्ही परत हसायला लागलो.

त्यानंतर आम्ही हरलो नाही. कसं झालं ते अजून कळत नाही. युनूसच्या हाताला कुणीतरी डिंक लावल्यासारखा बॉल चिकटायला लागला. आम्ही पळणारे पळता पळता बॉल अडवायला शिकलो. तुम्ही ड्युटी बदलून घेऊन मॅचला यायला लागलात. ऑफसाइडचा नियम मी तुम्हाला काड्या मांडून समजावला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "पुढं गेला तं गुन्हा? कमाल हाय. आमच्याकडं मागं राहिला तं गुन्हा!" सरांनी तो नियम पुढे आम्हाला तुमच्याच शब्दांत शिकवला. नांदेडची मॅच पेनल्टीवर जिंकली तेव्हा मैदानाबाहेर सगळ्यात उंच उडी तुमची होती. खाकी टोपी कुठल्या कुठे गेली होती.

फायनल आपल्याच मैदानावर. समोर वसमतकडचं कॉलेज. त्यांचा पाच नंबर, फुलबॅक, भिंतीसारखा पोरगा. पूर्ण मॅचभर त्याने मला गोलच्या जवळ फिरकू दिलं नाही. एकेक गोल झालेला, ऊन कलायला आलेलं, हलगी वाजतेय, आणि युनूसने लांब किक मारली. बॉल माझ्या पुढ्यात पडला. मध्ये एकटा पाच नंबर.

तेव्हाच सेनगाव रोडच्या बाजूने शिट्टी झाली. लांब.

पाच नंबरने हात वर केला आणि उभा राहिला. त्यांच्या गोलकीपरने कमरेवर हात ठेवले. आमचीही पोरं थांबली. तिकडून युनूस ओरडला, "अबे, ऑफसाइड दिया क्या?" अख्ख्या मैदानावर एकटा मी पळत राहिलो, आणि बॉल आत सारला.

का पळालो? कारण मला कळलं होतं की ती रेफ्रीची शिट्टी नाही. तुमची आहे. तिचा आवाज थोडा घोगरा, शेवटी किंचित वर जाणारा. शाळा सुटली की मी स्टँडवर तुमची वाट बघत बसायचो. शंभर गाड्यांतून तुमची शिट्टी ओळखायचो. बावीस जणांत ती ओळखणारा मी एकटा. मनात एवढंच आलं, बापूंनी माझ्यासाठी वाजवली! बापाने दिलं, पोराने घेतलं. बस्स.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथेच होतात. रेफ्री म्हणाले, मी शिट्टी मारलेली नाही. पाच नंबर रडकुंडीला आलेला. "सर, आईशपथ झाली शिट्टी! समद्यांनी ऐकली!" रेफ्री गोंधळले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खरं सांग. तुला शिट्टी ऐकू आली का?"

"न्हाई सर," मी म्हणालो.

तुम्ही गर्दीतून वाट काढत रेषेपर्यंत आला होतात. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. माझं उत्तर ऐकलंत आणि ते मिटलंत. मला वाटलं, पकडले जाल म्हणून घाबरलात! बाहेरच्या शिट्टीने खेळ थांबला तर तो गोल धरत नाहीत, हा नियम मला पुढे कधीतरी कळला. त्या दिवशी, ज्याच्यासमोर बॉल होता त्यालाच ऐकू आली नाही म्हटल्यावर, गोल धरला गेला. आम्ही चॅम्पियन झालो.

गुलालाच्या मिरवणुकीत डेपोतल्या तुमच्या दोस्तांनी बातमी फोडली. शिट्टी कुणी मारली? आपल्या बापूनं मारली! झालं. पोरांनी मला खाली ठेवलं आणि तुम्हाला खांद्यावर घेतलं. तुम्ही "उतरवा रे, उतरवा" म्हणत होतात. चेहरा गुलालाने माखलेला. मी म्हटलं, लाजतायत.

बापू, त्या एका संध्याकाळी तुमचं काय गेलं ते मला समजायला हवं होतं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. तांड्यावर नायकाच्या ओट्यावर भांडणं तुटायची, तेव्हा साक्षीला तुम्ही लागायचात. "बापू म्हनतो तं बराबर," एवढं म्हणून माणसं उठायची. त्या फायनलनंतर बांधाच्या एका वादात तुम्ही बोलायला लागलात, तर मागून कुणीतरी तोंडाने शिट्टी वाजवली. सगळा ओटा हसला. तुम्हीही हसलात. त्यानंतर त्या बैठकीत तुम्ही कडेला बसायला लागलात, पुढे जाणंच सोडलंत. गाडीतसुद्धा पोरंसोरं विचारायची, "बापू, आज कुनाला गोल द्यायचा?" तुम्ही चिमटा वाजवून पुढे.

आणि मी? मला तुमची लाज वाटायची. घ्या, लिहिलं. कॉलेजात, लग्नात, जिथे जाईन तिथे "शिट्टीवाल्याचा पोरगा". परभणीला नोकरी लागली तेव्हा पगाराहून जास्त आनंद याचा झाला की तिथे कुणाला तो किस्सा माहीत नाही. तुम्ही भेटायला यायचं म्हणालात की मी सांगायचो, कशाला तकलीफ घेता, मीच येतो. आणि यायचो नाही.

माझ्या लग्नातला तो प्रसंग. पोरांनी आहेर म्हणून मला चंदेरी कागदात गुंडाळलेली शिट्टी दिली. मांडव हसला. मी तुम्हाला मांडवामागे नेलं, चुलीच्या धुरात, आणि काय बोललो?

"बापू, तुमच्यापायी माझ्या गोलाला किंमत राहिली न्हाई. आयुष्यात एक गोष्ट बराबर जमली होती, ती बी तुमी नासवली."

तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. धूर होता, मला वाटलं धुराने. म्हणालात, "चुकलं रे लेकरा."

तुम्ही माझी माफी मागितली, बापू. तुम्ही. माझी.

अजून एक आहे, तेही तुम्हाला माहीत नाही. दोन-तीन वर्षांमागे वसमतच्या स्टँडवर मला तो पाच नंबर भेटला. गजानन त्याचं नाव. हळदीच्या अडतीवर आहे, अंगाला हळदीचा वास. त्यानेच ओळखलं, चहा पाजला. आणि कप खाली ठेवून म्हणाला, "दोस्ता, एक इचारू? राग नको मानू. आमच्या गावात आजबी मला हात वर करून दाखवतात. फायनलला उभा राहिला म्हनून. मलाच आता वाटून राहिलं की मला भास झाला होता. तू तरी ऐकली असशील ना? मी येडा न्हाई, एवढंच सांग."

एवढंच तर मागत होता तो. जिंकलेला कप मागत नव्हता.

"गर्दीत काय ऐकू येते गड्या," मी म्हणालो. त्याने मान डोलावली, चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, आणि माझ्या गाडीची वेळ विचारून मला खिडकीची जागा धरून दिली.

तोपर्यंतही माझ्या मनात एक पळवाट होती. लबाडी बापाने केली, आपण फक्त गप्प बसलो. बापावर कसं बोट दाखवायचं, म्हणून गप्प! वर स्वतःला मी चांगला मुलगासुद्धा समजायचो.

परवा रज्जाकभाईंनी ती पळवाट बुजवली.

ते म्हणाले, "त्या दिवशी मैदानाच्या कडेला मी जीप रिव्हर्स घेऊन राहिलो होतो. ध्यान सारं मॅचकडं. मागं एक म्हातारी शेंगांची टोपली घेऊन बसलेली, मला दिसलीच न्हाई. तुमच्या बापूनं मान वळवली आन लांब शिट्टी मारली. माझा पाय आपोआप ब्रेकवर. उतरून पाहतो तं चाकात आन म्हातारीत हातभर जागा. तिला तं पत्ताच न्हाई, ती बी मॅच पाहून राहिली होती!"

आई आत भांडी आवरत होती.

"लोक तुमच्या बापूला हसायला लागले, तवा मी त्यांच्याकडं गेलो. म्हनलं, मी सांगतो साऱ्यांला, माझ्या जिपीपायी झालं. तं माझा हात धरला त्यांनी. म्हनले, रज्जाक, अल्लाची कसम, बोलू नको. शिट्टी जिपीला मारली म्हनशील, तं लोक दुसरं इचारतील. समदे थांबले तं माझं पोरगं काहून थांबलं न्हाई? त्याला माझी शिट्टी कळत न्हाई, असं व्हनार न्हाई. नाव एकावरच येतं. ते माझ्यावर राहू दे."



म्हणजे तुम्हाला माहीत होतं. रेषेवर उभे होतात त्या क्षणापासून माहीत होतं. तुम्ही खरं सांगायला आला होतात, आणि माझं खोटं ऐकून परत फिरलात.

आणि बापू, सगळ्यात जास्त हे लागतंय. तुमच्या शिट्टीची भाषा मला पाळण्यापासून येत होती. गाडी मागे घेताना बारीक बारीक शिट्ट्या म्हणजे येऊ दे, येऊ दे. आणि एक लांब म्हणजे थांब, मागं माणूस आहे. मी लहानपणी अंगणात डबे लावून तो खेळ खेळायचो. रज्जाकभाईंच्या पायाला जे कळलं ते माझ्या पायाला का कळू नये? तुम्ही लांब शिट्टी दिली होतीत. मी तिचा अर्थ घेतला, पळ! माझ्यातच जे होतं ते मी तुमच्या शिट्टीत ऐकलं, आणि इतकी वर्षं तुम्हाला लबाड धरलं.

पण तुमच्यावर थोडा रागही आहे, तो लपवत नाही. का असं केलंत? एकदा कान पिळला असतात, रेफ्रीपुढे उभं केलं असतंत, तर काय झालं असतं? फायनल हरलो असतो. हरल्यावरही तुम्ही भजी आणली असतीत की! पोराला तिकिटात सूट न देणारा माणूस, इतकी मोठी सूट द्यायला कसा काय तयार झाला? तुमचा तो ओटा, ती साक्ष, तो मान, हे सगळं मला न विचारता माझ्यावरून ओवाळून टाकलंत. आणि मांडवामागे मी तोंड सोडलं तेव्हाही खऱ्याचा एक शब्द नाही. एवढं कुणी करतं का हो? मी त्या लायकीचा होतो का?

नव्हतो. ते तुम्हालाही कळत असणार. तरीही केलंत.

आता ऐका. उद्या पहिल्या गाडीने वसमतला जातो आहे. गजाननच्या अडतीवर, चार हमालांसमोर, त्याला सांगणार आहे की तो वेडा नाही. मग युनूसला सांगणार. तो आधी शिव्या घालेल, मग रडेल. त्याचाही कप आहे तो. स्पर्धा तुमच्या नावाने होऊ देत, पण माइकवर मी किस्सा सांगणार नाही, झालेलं सांगणार. रज्जाकभाई शेजारी बसायला तयार आहेत. मग नायकाच्या ओट्यावर जाईन. तिथे लोकांना हसायचं असेल तर मला हसू देत, तोंडाने शिट्ट्या वाजवायच्या असतील तर माझ्यावर वाजवू देत. तुमची कडेची जागा मी घेतो. हा शब्द देतो, बापू. माझ्या शब्दाला काय किंमत ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी देतो.

पण वसमतच्या आधी घरात एक माणूस आहे. तांड्यावरच्या बायकांचं हसणं विहिरीवर तिनेही सोसलं. तिलाही तुम्ही काही सांगितलं नव्हतंत ना? तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही, म्हणजे नसणारच.

मी आताच तिला हाक मारली. पदराला हात पुसत येते आहे, विचारते आहे, "काय रे, काहून रडून राहिला?" पत्र इथेच थांबवतो. आधी तिला सांगतो की मला ऐकू आली होती.

तुमचा,
रोहिदास